जेठीमधाची काडी

आमच्या घरात औषध आणि खाणं यांत फरक करायची एकच रीत होती. जे कडू ते औषध, जे गोड ते खाणं. काडेचिराईत, गुळवेल, कडुनिंबाचा पाला, दवाखान्यातल्या पांढऱ्या गोळ्या ही औषधं. ती वेळेवर घ्यायची, बेताने घ्यायची आणि घेताना तोंड वाकडं करायचं. मध, मनुका, खडीसाखर आणि ज्येष्ठमध, ज्याला आमच्याकडे जेठीमध म्हणतात, हे सगळं खाणं. त्याला ना माप ना वेळ. ही रीत कुणी घालून दिली मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत सगळ्यांची तीच होती आणि माझ्या मायचा तर तिच्यावर देवाइतका भरवसा. पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, तरी आजही कडू गोळी गिळली की आता बरं वाटणार असं मला आधी वाटतं आणि विचार नंतर सुचतो. त्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे जे झालं ते सांगताना मी शहाणपणाचा आव आणणार नाही. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं, आणि आता कळलंय तेही अर्धंमुर्धंच.

नाना म्हणजे माझे वडील, मूळचे शिरपूरकडच्या खेड्यातले. वडिलोपार्जित शेती धाकट्या भावावर सोपवून ते तरुणपणीच जळगावात आले, शिवणकाम शिकले आणि मेहरूणमध्ये भाड्याने घेतलेल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मशीन टाकलं. आम्ही वाढलो ते त्या मशीनच्या आवाजात. आवाजावरून मला मागच्या खोलीत बसून कळायचं की सरळ शिवण चालली आहे, की बाही जोडणं चाललंय, की गिऱ्हाईक आलंय आणि नाना पायडलवर नुसता पाय ठेवून गप्पा मारताहेत. माय चुलीपाशी कळण्याची भाकरी थापायची. तिच्या थापण्याचा आणि त्यांच्या पायडलचा ताल बहुतेक वेळा जमून जायचा. जमला नाही की ती म्हणायची, "आज काही तरी आवघड कपडा शे." या दोघांत याहून जास्त प्रेमाचं बोलणं मी फारसं ऐकलं नाही, पण लहानपणी मला तेवढंही पुरेसं वाटायचं.

नानांना बिडीचा भारी नाद. ओठात बिडी आणि हातात कात्री, असंच त्यांचं रूप माझ्या डोळ्यांपुढे येतं. ते दिवस सफारीचे होते. लग्न ठरलं की नवरदेवाला सफारी हवीच, आणि नानांचा सफारीवर हात चांगला बसलेला. अशाच एका नवरदेवाच्या बदामी सफारीवर, ऐन हळदीच्या दिवशी, बिडीची ठिणगी पडली. पडली तीही छातीवर, जिथे झाकायला काही नसतं अशा जागी. नाना जरा वेळ त्या भोकाकडे बघत बसले, मग त्यांनी त्यावर वरून शिवलेला एक खिसा बसवला, झाकणासकट, आणि जोडी जमावी म्हणून दुसऱ्या बाजूलाही तसाच. नवरदेव खूश झाला. पुढे त्याच्या गावची काही पोरं तसलाच खिसा हवा म्हणून आमचा पत्ता विचारत आली. नाना आठवडाभर हसत होते. माय मात्र हसली नाही. त्यांच्या खोकल्याने ती आधीच वैतागली होती. तिने त्यांचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "मना गळानी आन शे तुमले. आज कपडा जळना, उद्या घर जळी. आते बिडी तोंडमा दिसनी ते मी माहेर चालनी जासू." नानांनी खिशातलं बंडल काढून चुलीत टाकलं. इतक्या सहजासहजी ऐकतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, मायलाही नाही.

बिडी सुटली, पण तोंडाला चैन पडेना. नाना टाचण्या ओठात धरायला लागले, दोऱ्याची रिळं चावायला लागले, मोजपट्टीचं टोक तर त्यांनी कुरतडून पार मऊ केलं. खोकलाही होताच. मग माय आमच्या गल्लीतल्या वैद्यबुवांकडे गेली. त्यांनी जेठीमधाच्या काड्या दिल्या आणि खोकला बसेपर्यंत थोडे दिवस चघळू द्या म्हणाले. बोटाएवढ्या काड्या, वरून मातकट, चावली की आत पिवळ्या धमक. पहिल्यांदा नुसतं लाकूड चावल्यासारखं वाटतं, मग हळूहळू अशी गोडी सुटते की पाणी प्यायलं तर पाणीही गोड लागतं. काही दिवसांत नानांचा खोकला खरंच बसला, घसा मोकळा झाला, पित्ताने छातीत जळजळायचं तेही थांबलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक लगेच त्या काडीला नावं ठेवतात. तिने तिचं काम चोख केलं होतं. काम झाल्यावर तिला निरोप द्यायचा असतो, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

उलट ती घरात रुळली. वैद्यबुवांकडच्या काड्या संपल्यावर माय बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून जुडीच आणायला लागली. नानांच्या ओठात बिडीच्या जागी काडी आली, सकाळी मशीनवर बसल्यापासून दिवे लागेपर्यंत. मायला वाटलं, नुसत्या चघळण्याने काय होतंय, म्हणून ती कुटून चहात घालू लागली, मग निजताना दुधातही. नवऱ्याने शब्द पाळला याचा तिला एवढा अभिमान होता की तिला तो काही ना काही करून दाखवायचा होता, आणि तिच्याजवळ दाखवायला तेवढंच होतं. पाहुणेही तसेच. आमच्याकडे यायचं म्हणजे शिरपूरकडून येताना शेंगदाणे, आणि शिंपीदादांसाठी जेठीमध. माझ्या कपड्यांना, वह्यांना, तांदळाच्या डब्यालासुद्धा तो वास लागला होता. नाना तक्रार एवढीच करायचे की आता भरीतही गोड लागतं.

आणि नाना दिसायला लागले कसे. गालफडं बसलेला, गळ्याची घाटी वर आलेला माणूस भरत चालला. गाल वर आले, हात गुबगुबीत झाले. गिऱ्हाइकं मापं द्यायला यायची आणि शिंप्याचंच माप बघून जायची. "बिडी सोडली अन् तब्येत सुधारली बघा," असं जो तो म्हणे. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना आमच्या दारातून नाना दाखवायच्या. नानांची थोरली बहीण, आमची अक्का, शिरपूरहून आली ती दारातच थांबली. घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा. तिने भावाचे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाली, "आंग कसं भरी उनं दख. मनी भावजयनी मना भाऊले मानूसमा आना." माय पदर तोंडाला लावून आत गेली. अक्काने तिचं कौतुक केल्याचं मला त्याआधी आठवत नाही. तिला तो आनंद मिळाला, याचं मला आजही बरंच वाटतं, आणि तो कशाच्या जोरावर मिळाला हे आठवलं की काय वाटून घ्यावं ते समजत नाही.

मग बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. बोटातली अंगठी निघेना, ती साबण लावून काढावी लागली. संध्याकाळी पायमोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ उठलेले असायचे. नाना ते बोटाने दाबून बघायचे आणि पडलेला खळगा मला दाखवायचे, गंमत म्हणून. डोकं दुखायला लागलं. सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाले, तेव्हा माय त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेले, कारण डॉक्टरांशी नीट मराठीत बोलायला घरात मी होते. मी तेव्हा कॉलेजात जाऊ लागले होते, त्यामुळे घरातली शहाणी. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून फुगवला, पुन्हा फुगवला आणि ब्लडप्रेशर खूप आहे म्हणाले. बिडी, दारू, तंबाखू? "सोडलं सगळं साहेब त्यांनी," माय म्हणाली, "सुपारीचं खांडसुद्धा नाही तोंडात." दुसरं काही औषध चालू आहे का? नाही, आम्ही तिघंही म्हणालो. त्या क्षणी नानांच्या वरच्या खिशात पेनाशेजारी काडी उभी होती. ती आम्ही लपवली नव्हती. डॉक्टरांनाही ती दिसत असणार. विचारलं होतं ते औषधाचं, आणि आम्ही औषधाचं खरं उत्तर दिलं.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी दिली. आमच्यासारख्या घरात मीठ बंद म्हणजे काय, ते लिहून सांगता येणार नाही. ठेचा बंद, पापड बंद, शेवभाजीचं तर नावच नको. नाना बिचारे अळणी वरणात भाकरी बुडवून बसायचे. गोळीने सूज मात्र उतरली, गाल परत आत गेले. डॉक्टरांना तेच हवं होतं. मायची मात्र पाचावर धारण बसली. जी तब्येत सगळ्या गल्लीने वाखाणली, अक्काने वाखाणली, ती डोळ्यांदेखत उतरत होती. गोळी कडू होती, म्हणजे औषध, तेव्हा ती बंद करायची तिची छाती नव्हती. तिने मग जे आपल्या हातात होतं ते वाढवलं. दूध दोन्ही वेळचं झालं, आणि दुधातला जेठीमधही.

एक दिवस दुपारी मी मागच्या खोलीत अभ्यास करत होते आणि मशीन चुकायला लागलं. चार टाके जायचे, थांबायचं. पुन्हा दोन जायचे. मला वाटलं दोरा तुटतोय. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, म्हणून मी पुढे आले. नाना स्टुलावर बसलेले, दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून पाऊल पायडलवर दाबायला बघत होते. "पायमा जीवच नही वं शोभा," ते मला म्हणाले, "मी दाबस, पन तो दबतच नही." त्यांना उठवायला गेले तर उठवेना. मायने एका बगलेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि तरी ते आमच्या हातांतून कापडाच्या ढिगावर खाली बसले. पोटऱ्यांत असे पेटके आले होते की हा माणूस, जो सुई नखात शिरली तरी चेहरा हलू द्यायचा नाही, तो कण्हायला लागला.

त्यानंतरचा दिवस म्हणजे नुसता गोंधळ. जो येई तो आपलं कारण घेऊन येई. शेजारचे म्हणाले लकवा. कुणी म्हणालं, एवढं कौतुक झालं, नजर लागणार नाही तर काय, म्हणून मायने मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही, म्हणजे नजर होतीच, असं ठरलं. अक्का निरोप मिळताच शिरपूरहून धावत आली. तिचं म्हणणं साफ होतं. "इतला वरीस बिडी पिनी त्यानी. आंगले सवय व्हयेल शे. एकदम तोडी टाकी तं आंग रुसनं. त्याले बिडी द्या, उठीसन बसी तो." मायकडे बघवत नव्हतं. जिच्या शपथेने बिडी सुटली तिलाच सगळे त्याचा जाब विचारत होते. मला अक्काचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, तिचंच खरं असेल तर? आम्ही नानांना बरं करता करता मारत तर नाही ना? मी ते मनातून झटकलं. आता वाटतं, फक्त वस्तूचं नाव चुकलं होतं, बाकी प्रश्न बरोबर होता.

दवाखान्यात दाखल केलं. छातीला तारा लावून पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले लकवा नाही, रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय, म्हणून स्नायूंत बळ नाही, आणि आणखी खाली गेलं तर हृदय मध्येच थांबू शकतं. हे ते मला बाजूला घेऊन म्हणाले, कारण मी शिकलेली. मी ते मायला तसंच सांगितलं नाही. बळ कमी झालंय, एवढंच सांगितलं. पाण्याच्या गोळीने असं कधी कधी होतं म्हणून त्यांनी गोळी बंद केली, सलाइनमधून औषध चालू केलं आणि केळी खायला द्या म्हणाले. केळी, हे ऐकून अक्काला वाटलं डॉक्टर थट्टा करताहेत. शिरपूरला काकांच्या मळ्यात केळीच केळी. घड आमच्याकडे यायचे ते गल्लीत वाटायला. खोकल्याच्या माणसाला केळं म्हणजे कफ, म्हणून नानांना बिडी सोडल्यापासून मायने एकही दिलं नव्हतं. अक्का म्हणाली, "केया खाईसन मानूस उठस का? मंग आमना गावमा कोनी आजारीच पडतं नही."

पण केळी खाऊनही नाना उठेनात. सलाइनने एक दिवस जरा बळ यायचं, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं की पुन्हा खाली. ब्लडप्रेशरही उतरायचं नाव घेईना. डॉक्टर तरुण होते, प्रामाणिक होते. कागद पुन्हा पुन्हा बघायचे आणि मान हलवायचे. गोळी बंद केली, औषध भरतोय, मग जातंय कुठे? पोटात गाठ असेल, मुंबईला न्यावं लागेल, असं त्यांनी बोलून दाखवलं. त्या दिवशी त्यांचा स्वतःचा घसा बसला होता. नानांना तपासताना ते दोनदा खोकले. मायला राहवलं नाही. तिने नानांच्या उशीखालून पुरचुंडी काढली, त्यातली चांगली जाडसर काडी निवडून पदराला पुसली आणि पुढे केली. "घ्या ना साहेब. घशाला लई चांगलं असतं. हे पण हेच घेतात."

डॉक्टरांनी ती हसून घेतली आणि तोंडात टाकली. एक-दोनदा चावली असेल, मग त्यांचा जबडा थांबला. त्यांनी काडी बाहेर काढून बघितली, नानांकडे बघितलं आणि हे कधीपासून घेतात म्हणून विचारलं. माय म्हणाली, बिडी सोडल्यापासून. किती? "मोजलं कुणी साहेब. दिवसभर तोंडात असते. अन् दुधात देते, चहात देते." इथे पण? "इथे पण." डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. डॉक्टर पेशंटच्या खाटेवर बसतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, कॉलेजात पुस्तकात एकदा वाचलं होतं, पाहिलं मात्र कधीच नाही, उद्या खात्री करून सांगतो. आणि पुरचुंडी स्वतःच्या खिशात टाकून घेऊन गेले. माय खूश झाली. तिला वाटलं, डॉक्टरांना आवडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. जेठीमधाचा अर्क जास्त आणि दीर्घकाळ पोटात गेला तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. त्याने अंगावर सूज येते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम बाहेर टाकलं जातं. वर आपण पाणी काढणारी गोळी दिली, तिनेही पोटॅशियमच बाहेर काढलं. म्हणजे गाल भरले ती सूज होती, तब्येत नव्हती. घशासाठी थोडे दिवस थोडं घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही, पण ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे, ज्या बायांना दिवस राहिले आहेत, त्यांनी तेवढंही विचारल्याशिवाय घेऊ नये. आता बंद केलं तरी असर जायला काही आठवडे लागतील. ते सगळं शांतपणे सांगत होते, मायवर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, निदान तिला उलटून बोलता आलं असतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "पण साहेब, ते तर गोड असतं." नानांनी वातावरण हलकं करायला विचारलं, "मंग बिडीच बरी व्हती का?" डॉक्टर नाही म्हणाले.

काडी बंद झाली आणि नाना खरोखर उठले. आधी खाटेवर बसले, मग भिंतीला धरून संडासपर्यंत गेले, मग घरी आले. रक्तदाब हळूहळू खाली आला, मुंबईला जावं लागलं नाही. मी वैद्यबुवांकडे भांडायला गेले होते, ते सांगायचं राहिलं. मला कुणाला तरी धरून बोलायचं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी खोकला बसेपर्यंत दिली होती. औषधाचं जेवण कुणी केलं?" डॉक्टर आणि वैद्यबुवा एकाच बाजूला, मग चूक कोणाची? मायची म्हणायला जीभ वळत नव्हती. काडीची म्हणावी तर तिनेच बिडी सोडवली होती. आजही कुणी मला हे झाडपाल्याचं आहे, याने अपाय होत नाही, असं म्हणालं की मी त्याच्याशी वाद घालते, आणि कुणी हे सगळं थोतांड आहे म्हणालं की त्याच्याशीही घालते. माझी सून म्हणते, आई, तुमची बाजू तरी कोणती? मला खरंच सांगता येत नाही.

मायची मात्र घरातली हुकमत गेली. अक्का काही लागेल असं बोलली नाही, उलट निघताना तिने भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला, पण मायने तो हात जाणवल्याचंही दाखवलं नाही. पूर्वी पोट दुखलं की ओवा, कान दुखला की लसणाचं तेल, सर्दीला सुंठ, अडुळसा, हळद, असं तिचं सगळं तोंडपाठ असायचं. गल्लीतल्या बायका पोरं घेऊन तिच्याकडे यायच्या. आता त्या आल्या तर ती दारातूनच दवाखान्यात जा म्हणायची. तपासणीला गेलं की डॉक्टरांना विचारायची, आलं चालेल का, जिरं चालेल का, धने घालू का भाजीत? ते हो म्हणायचे, आणि घरी येऊन ती ते घालायची नाही. तिच्या हातचं जेवण पचपचीत झालं. मीठ परत सुरू झालं होतं, पण तिचा हात मिठापाशी जाऊन थांबायचा. नाना मुकाट्याने जेवायचे. तिच्या चुकीने जीव जाता जाता राहिला, हे खरंच होतं. ती चूक तिने किती मायेने केली होती, हेही खरं होतं. दोन्ही एका वाक्यात बसवून तिला सांगावं एवढी अक्कल माझ्यात नव्हती.

थंडी पडली आणि नानांना साधी सर्दी झाली, घसा धरला. दिवसभर मशीनवर खाकरत होते. पूर्वी एवढ्यात त्यांच्यापुढे वाटी येऊन पडली असती. आता माय मागच्या खोलीत डाळ निवडत बसली होती आणि प्रत्येक खाकरण्यासरशी तिचे हात थांबत होते, पण ती उठत नव्हती. नानांनी काम थांबवलं, आत आले, आणि तिच्यासमोर पाटावर बसले. "शोभानी माय," ते म्हणाले, "घसाले काही तरी करी दे ना." तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "काय देऊ? माले आते काहीच समजत नही. कोनता जिनसमा काय शे, माले काय माहीत? दवाखानामा जा." नाना म्हणाले, "दवाखानामा मी गयतू, जाईसन उनू. आते तुना हातनं दे. काहीबी दे."

तिने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. मग उठली, चुलीवर पातेलं ठेवलं, पाणी तापवलं. फडताळातल्या डब्यांकडे तिने एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. पेला भरून त्यांच्यापुढे धरला. म्हणाली, "हाई नुसतं पानी शे. यामा काहीच नही." नानांनी फुंकर मारत ते सगळं पाणी प्यायलं, घसा खाकरून बघितला आणि म्हणाले, "जराखं बरं वाटनं व्हं." मग माय रडली. दवाखान्यात ती एकदाही रडली नव्हती. नाना खरं बोलले की तिच्यासाठी बोलले, ते मला तेव्हा कळलं नाही. पण त्यांनी रिकामा पेला पुन्हा पुढे केला, आणि मायने तो भरला.